सोसायटीच्या चौकातलं मोझेक जलशिल्प : आधी पाण्याची वाट, मग रंग

सोसायटीतलं कारंजं पंप जळला म्हणून कायमचं बंद पडत नाही. जळलेला पंप अर्ध्या तासात बदलता येतो, पण त्यासाठी फरशी फोडावी लागणार असेल तर कोणी हात लावत नाही. दुसरं कारण पांढऱ्या क्षारांचं. त्यांनी निळ्या टाइलचा रंग झाकला की कमिटीलाच ते कारंजं नकोसं होतं. या दोन्ही गोष्टी कागदावर असतानाच टाळता येतात. म्हणून पाणी किती, कुठून वर जाणार, कुठून उतरणार आणि कुठे वाळणार, हे ठरल्याशिवाय टाइलच्या दुकानात जाऊ नका.

खाली दिलेली मापं सव्वा मीटरपेक्षा थोड्या उंच, उघडं पाणी साठत नसलेल्या शिल्पाची आहेत. पाणी अंगावरून ओघळतं, पायथ्याच्या थाळीतल्या गोट्यांखाली नाहीसं होतं आणि शेजारच्या झाकलेल्या हौदातून पुन्हा वर जातं. लहान मुलं असलेल्या चौकात हीच रचना बरी. उघडं पाणी नसलं की बुडण्याची भीती राहत नाही, डासही कमी होतात.

जागा

मध्यभागाचा मोह सोडा. जुन्या वाड्याच्या चौकात मध्ये तुळशीवृंदावन शोभायचं, पण बडोद्यातल्या सोसायटीचा चौक नवरात्रात गरब्याला लागतो आणि भाद्रपदात गणपतीच्या मांडवाला. गरब्याच्या फेराला मध्ये काही ठेवायचं असेल तर ती गरबीची, म्हणजे देवीची मांडणी, कायमचं बांधकाम नव्हे. शिल्प एका बाजूला घ्या. त्याच्याभोवती दीड मीटर मोकळी वाट ठेवा. अग्निशामक गाडीच्या वळणात आणि पाण्याच्या भूमिगत टाकीच्या झाकणाजवळ ते नको.

उन्हाळ्या-पावसाळ्यात इथला वारा बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. तुषार उडतील ते उलट बाजूला, तेव्हा विजेची पेटी, बाक आणि तळमजल्याची खिडकी त्या बाजूला येऊ देऊ नका. कडुनिंबाच्या फांद्यांपासून निदान तीन मीटर दूर राहा. फाल्गुन-चैत्रातली पानगळ जाळी रोज बुजवते आणि रोज साफ करणारा माणूस पहिल्या महिन्यानंतर सापडत नाही.

खाली तळघर किंवा पार्किंग असेल तर काम इथेच थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. शिल्प पोकळ असलं तरी थाळी, गोटे आणि हौदातलं पाणी धरून एकूण वजन दोन टनांच्या आसपास जातं. मजबूत दिसणारा स्लॅब ते पेलेल असं गृहीत धरू नका. जमिनीवर बांधताना काळी माती लागली तर नेहमीपेक्षा ६० सेंटिमीटर जास्त खणा आणि मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून धुम्मस करून भरा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्या हालचालीने थाळीला जी केसाएवढी भेग पडते ती वरून दिसत नाही. हौदातलं पाणी मात्र रोज कमी होत राहतं.

आकार : दीपमाळ डोळ्यांपुढे ठेवा

पाणी अंगाला चिकटून उतरावं असं वाटत असेल तर शिल्प खाली रुंद होत गेलं पाहिजे. देवळापुढची दीपमाळ पाहा. तोच उतार इथे कामाला येतो. माथ्याचा व्यास ३० सेंटिमीटर, पायथ्याचा ६० आणि उंची १३५ घेतली तर कड उभ्या रेषेपासून साधारण सहा अंश कललेली राहते. एवढ्या कलावर पाणी अंग सोडत नाही. मधेच कंबर घेतलीत, म्हणजे वरचा भाग खालच्यापेक्षा पुढे आला, की पाणी तिथून सुटतं, हवेत पडतं आणि थाळीबाहेर उडतं. कंबर हवीच असेल तर त्या कडेखाली बोटभर रुंदीची खाच घ्या. खिडकीच्या छज्जाखाली असते तशी. मग पाणी निदान एका रेषेत सुटेल.

थाळीचा व्यास १८० सेंटिमीटर ठेवा. पाणी अंगालगत उतरत असताना मध्यापासून ९० सेंटिमीटर पुरतात. मोकळी धार पडणार असेल तर थाळीची त्रिज्या निदान धारेच्या उंचीएवढी धरा. आणि थाळीचा काठ? एक तर फरशीच्या पातळीला, नाही तर बसता येईल असा ४०-४५ सेंटिमीटर उंच. मधलं काही नको. सात-आठ सेंटिमीटरच्या काठाला संध्याकाळी फिरणाऱ्या आजोबांचा पाय अडकतो. आपण फरशीच्या पातळीचा काठ धरू. काठाला वेगळ्या रंगाची पट्टी द्या आणि बाहेरच्या फरशीला एक मीटरपर्यंत बाहेरच्या बाजूने उतार द्या, म्हणजे अंगण धुतलेलं पाणी थाळीत येणार नाही.

पाण्याचा हिशेब

माथ्यावर एक उथळ वाटी असते. पंप ती भरतो आणि पाणी तिच्या काठावरून चहूकडे उतरतं. ३० सेंटिमीटर व्यासाचा घेर ९४ सेंटिमीटर. अंगाला चिकटून वाहणाऱ्या पातळ पापुद्र्याला दर सेंटिमीटर घेराला ताशी ४० लिटर पुरतात. म्हणजे ताशी ३८०० लिटर, सरळ ४००० धरा. धबधब्यासारखा अखंड पडदा हवा असेल तर हाच आकडा सेंटिमीटरला १५० लिटरवर जातो आणि पंप साडेतीनपट मोठा लागतो. चौकात तो आवाज रात्री साडेनऊनंतर कोणालाच सोसत नाही.

४००० लिटर किती उंच चढवायचे? शिल्प १३५ सेंटिमीटर, हौदातली खालची पातळी फरशीखाली ६० सेंटिमीटर, नळीतलं घर्षण आणि वळणं मिळून ५० सेंटिमीटर. एकूण अडीच मीटर हेड. पंपाच्या खोक्यावर ‘६००० लिटर, ४ मीटर’ असं छापलेलं असतं, तिथे फसगत होते. ६००० लिटर शून्य उंचीवर मिळतात आणि ४ मीटरवर काहीच मिळत नाही. दुकानदाराकडून त्या पंपाचा आलेख मागा आणि अडीच मीटरच्या रेषेवर ४००० दिसतात का ते बघा. थोडा मोठा पंप घेऊन नळीवर व्हॉल्व्ह बसवणं शहाणपणाचं. कमी करता येतं, वाढवता येत नाही. असा पंप साधारण १००-१२० वॉट घेतो. रोज चार तास चालवला तर महिन्याला १५ युनिटांच्या आत. सभेत विजेच्या बिलाचा प्रश्न निघतोच, तेव्हा हा आकडा खिशात ठेवा.

नळी सव्वा इंची यूपीव्हीसी. एक इंची नळीत एवढं पाणी वेगाने जातं, घर्षण वाढतं आणि पंप उगाच दमतो. वळणाला शार्प एल्बोऐवजी लांब बेंड वापरा.

थाळीच्या शेजारी ९० × ९० × ९० सेंटिमीटरचा हौद. त्यात ६० सेंटिमीटर पाणी म्हणजे ४८६ लिटर. पंप सुरू झाला की वाटी, नळी, शिल्पाचं अंग आणि थाळी मिळून ४० लिटरच्या आसपास पाणी बाहेर अडकतं. हौदाची पातळी पाच सेंटिमीटर उतरते आणि पंप बंद केल्यावर तेवढीच चढते. ही पाच सेंटिमीटर जागा मोकळी नसेल तर रोज रात्री पंप थांबताच हौद ओसंडतो आणि लोक गळती शोधत बसतात. थाळीतून हौदात येणाऱ्या तोंडाच्या पाच सेंटिमीटर खाली, पावसाळी गटाराकडे जाणारी तीन इंची ओव्हरफ्लो नळी ठेवा. अडीच चौरस मीटरच्या थाळीत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर अडीचशे लिटर पाणी जमतं. ते हौदातच जाणार.

खड्ड्यात तयार प्लॅस्टिकची टाकी पुरण्याची स्वस्त कल्पना कोणीतरी मांडतंच. भूजल वर आलं आणि टाकी रिकामी असली की ती जमिनीतून वर उचलली जाते, गोट्यांसकट. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी ज्या वसाहतींत शिरलं त्यांनी तर हा विचारच करू नये. काँक्रीटचा हौद बांधा आणि झाकण एका माणसाला उचलता येईल असं दोन तुकड्यांत करा. ते उचलता आलं तरच देखभाल होते.

सांगाडा आणि पाइपात पाइप

थाळीखाली १० सेंटिमीटर जाडीचं एम-२० काँक्रीट, त्यात ८ मिलिमीटरच्या सळया दोन्ही दिशांनी २० सेंटिमीटरवर. मध्यातून १० मिलिमीटरच्या चार सळया वर काढून ठेवा, शिल्प त्यांना बांधलं जाईल. थाळीची खोली २० सेंटिमीटर आणि हौदाच्या दिशेने पन्नासास एक उतार, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत साडेतीन सेंटिमीटर. हौदात उतरणारी तोंडं चार इंची, दोन. एकावर पान बसलं तरी दुसरं चालू राहतं.

शिल्प फेरोसिमेंटचं. ८ मिलिमीटरच्या आठ उभ्या सळया, दर १५ सेंटिमीटरला ६ मिलिमीटरचं कडं, आतून-बाहेरून अर्ध्या इंची कोंबडीजाळीचे दोन-दोन थर, सगळं बाइंडिंग तारेने घट्ट. गिलाव्याचं प्रमाण वजनाने एक भाग सिमेंट, दोन भाग धुतलेली वाळू. पाणी सिमेंटच्या ०.४ पट. एकूण जाडी चार सेंटिमीटर. शिल्पापुरत्या दोन गोणी सिमेंट पुरतात. गवंडी हाताला मऊ लागावं म्हणून पाणी वाढवतो, तिथे उभं राहा. जादा पाणी उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. पुढे क्षार त्यांतूनच बाहेर येतात. गोणपाट गुंडाळून १४ दिवस ओलं ठेवा, मग एक आठवडा वाळू द्या.

सांगाडा उभा करतानाच मध्यातून अडीच इंची नळी सोडा. पाणी वाहून नेणारी सव्वा इंची नळी त्या मोठ्या नळीतून जाईल. पाच-सात वर्षांनी आतली नळी क्षारांनी अरुंद झाली की वरून ओढून काढता येते, शिल्प फोडावं लागत नाही. एवढी एक गोष्ट केलीत तरी हा लेख वाचल्याचं सार्थक.

माथ्याच्या वाटीचा काठ हे या कामातलं सगळ्यात नाजूक ठिकाण. ताशी ४००० लिटर सोडले तरी काठावरून जेमतेम सात-आठ मिलिमीटर पाणी वाहतं. काठ एका बाजूला दोन मिलिमीटर खाली असला तरी तिकडे पाणी स्पष्ट जास्त दिसतं. आठ मिलिमीटरला दुसरी बाजू कोरडी. लाकडी लेव्हलवर विसंबू नका. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन आठ ठिकाणी पाणसळ लावा. मग टाइल लावण्याआधी पंप जोडून पाणी सोडून बघा. जिथे जास्त वाहतं तिथे पॉलिमर मॉर्टरने भरा, कमी तिथे कार्बोरंडमच्या (घासायच्या) दगडाने घासा. अर्धा दिवस जातो. टाइल लागल्यावर हेच करायला निघालात तर काठ पुन्हा करावा लागतो.

टाइलखालचं कवच

मोझेक पाणी अडवत नाही. टाइल अडवते, पण सांधे झिरपतात. पाणी आत शिरलं की सिमेंटमधला मोकळा चुना विरघळतो, बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळतो आणि सांध्यांखाली पांढऱ्या दाढ्या लोंबू लागतात. ही दाढी घासून जाते, पंधरा दिवसांनी परत येते.

म्हणून शिल्प, वाटी, थाळी आणि हौद या सगळ्यांवर दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंट वॉटरप्रूफिंग, दोन हात. पहिला आडवा, दुसरा उभा. नळी जिथून बाहेर येते तिथे आणि थाळी-शिल्पाच्या कोपऱ्यात आधी गोलाई भरा, फायबरची जाळी दाबा, मग कोट. तीन दिवस थाळी आणि हौद भरून ठेवा. शेजारी त्याच पाण्याने भरलेली बादली ठेवा आणि दोन्हीकडे पेन्सिलने खूण करा. हौदातलं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे. सारखंच उतरलं तर ते उन्हाने नेलं. ही परीक्षा झाल्याशिवाय ठेकेदाराला पुढचा हप्ता देऊ नका.

टाइल निवडताना

आपण नशीबवान जागी आहोत. मोरबी याच राज्यात आहे, तेव्हा व्हिट्रिफाइड टाइलच्या उरलेल्या आणि मोडक्या पेट्या मोठ्या दुकानदारांकडे पडूनच असतात. खंभातही जवळ, तिथल्या अकीक (अॅगेट) दगडाच्या कारागिरांकडून पैलू पाडताना उरलेले तुकडे मागून घेता येतात. अंगाचं क्षेत्र पावणेएकवीस चौरस फूट, वाटी आणि काठपट्टी धरून २७ चौरस फूट म्हणा. फुटतूट आणि न जुळणारे तुकडे यांसाठी तीस टक्के जास्त, म्हणजे ३५ चौरस फूट माल गोळा करा.

ओल्या भागात व्हिट्रिफाइड आणि काच. भिंतीच्या साध्या चकचकीत टाइलची पाठ पाणी पिते. ओळखायला सोपं: पाठीवर थेंब टाका, काही सेकंदांत शोषला तर तो तुकडा कोरड्या काठपट्टीसाठी ठेवा. अकीक कठीण, पाणी त्याला काही करत नाही. पण बाजारात दिसणारे भडक निळे-गुलाबी अकीक रंगवलेले असतात, दोन उन्हाळ्यांत फिके पडतात. तांबूस-तपकिरी अकीक भट्टीत तापवून तो रंग आणलेला असतो, तो टिकतो. आणि आरसे? गुजरातेत राहून आभल्यांचा मोह होणारच. वाहत्या पाण्यात आरशाची पाठ काही महिन्यांत काळवंडते. चमक हवी तर सोनेरी पत्रा आत असलेली काच वापरा, तीही थोडीच. संगमरवराचे तुकडे टाळा, कारण पुढे क्षार काढायला आम्ल लागेल आणि संगमरवर आम्लात विरघळतो.

आता रंगांबद्दलची मुख्य गोष्ट. कायम ओल्या भागावर क्षार कमी दिसतात, कायम कोरड्यावर नसतातच. पांढरी रेघ उमटते ती मधल्या हद्दीत, जिथे पाणी रोज येतं आणि वाळतं: वाटीच्या काठाची बाहेरची बाजू, ओघळांच्या कडा, पायथ्यापासून हातभर उडणाऱ्या शिंतोड्यांचा पट्टा. तिथे गडद निळा किंवा काळा गुळगुळीत तुकडा लावलात तर महिन्याभरात तो राखी दिसेल. या हद्दीत वाळूचा, दुधी, फिकट करडा, थोडा खरखरीत माल लावा. मोरपंखी, जांभळा, गर्द हिरवा हे मधल्या सतत भिजणाऱ्या अंगावर. हद्द कुठे पडते ते अंदाजाने ठरवू नका. वॉटरप्रूफिंग झालेल्या शिल्पावर दोन तास पाणी चालवा, पंप बंद करा आणि ओल्याची सीमा तेलखडूने आखा. नक्षी तिच्यावरून काढा. ओळी, पानं, लाटा, काय हवं ते. पण ही सीमा तुमच्या नक्षीची पहिली रेघ.

पाणी चकचकीत काचेवर एकसंध पसरत नाही, आकसून ओघळ बनवतं. लहान तुकडे, जास्त सांधे आणि मधूनमधून मॅट टाइल असली की पापुद्रा पसरतो. नव्या शिल्पावर पहिले काही दिवस ओघळच दिसतील, घाबरू नका. पृष्ठभागावरचं तेलकट धुऊन गेलं की पाणी पसरू लागतं.

तुकड्यांचा आकार वळणावरून ठरतो. माथ्याशी त्रिज्या १५ सेंटिमीटर. तिथे ६ सेंटिमीटर रुंद तुकडा आडवा लावला तर त्याच्या कडा अंगापासून तीन मिलिमीटर वर राहतात, बोट कापतं आणि खाली पोकळी राहते. ३ सेंटिमीटरच्या तुकड्याला हा फरक मिलिमीटरपेक्षा कमी. म्हणून आडवी रुंदी ३ सेंटिमीटरपर्यंत, उभी लांबी हवी तर दुप्पट. वाटीच्या काठावर एक-सव्वा सेंटिमीटरचे तुकडे. सांध्यांची शिस्त शिकायची तर लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलची मोझेक फरशी पाहून या. मोडक्या टाइलची मजा पाहायची तर अहमदाबादला वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींच्या ‘संगाथ’ या स्टुडिओच्या कमानदार छपरावर बघा. पावसाचं पाणी त्यावरून कसं पन्हळीत उतरतं ते या कामाचंच उदाहरण आहे.

लावणं आणि सांधे भरणं

गुजरातेतला कोणताही जुना कडिया (गवंडी) गच्चीवर चायना मोझेक, म्हणजे मोडक्या टाइलची फरशी, करतो. त्याचा हात तुकड्यांवर बसलेला असतो, ही मोठी जमेची बाजू. सवय मात्र बदलावी लागते: गच्चीवर तो ओल्या सिमेंटात तुकडे दाबून वर सिमेंटचा लगदा फिरवतो. सपाट गच्चीवर ते चालतं, उभ्या वळणावर वर्षभरात तुकडे पडतात. इथे पॉलिमर टाइल अॅडहेसिव्हच. बॅगेवर आयएस १५४७७ आणि पाण्याखालच्या वापराचा उल्लेख बघा. काचेखाली पांढरं घ्या, करडं आरपार दिसतं. थर तीन मिलिमीटर, प्रत्येक तुकड्याच्या पाठीवरही थोडं. २० किलोची एक बॅग हिशेबाने पुरते, वळणं सारखी करण्यात जातं ते धरून दोन आणा.

हे काम दिवाळीनंतर ते माघापर्यंत करा. मे महिन्याच्या उन्हात पसरलेल्या अॅडहेसिव्हवर पाच मिनिटांत पापुद्रा धरतो. वरून ओलं दिसतं, तुकडा चिकटत नाही. एका वेळी दोन हातांच्या ओंजळीएवढंच क्षेत्र पसरा. मधेच एखादा तुकडा ताजा असताना उपटून बघा: पाठ पूर्ण माखलेली हवी. सुरुवात पायथ्यापासून, वर चढत जा. टाइल फोडताना चष्मा आणि मास्क सक्तीचा. दीड मीटरपर्यंत मुलांचे हात पोचतात, म्हणजे हे सगळंच शिल्प. प्रत्येक उघडी धार दगडाने घासून बोथट करा.

तीन दिवसांनी सांधे. इपॉक्सी ग्राउट, सांधा तीन मिलिमीटर. एवढ्या तुकड्यांना सहा-सात किलो लागतं. पांढरं इपॉक्सी उन्हात पिवळट पडतं, मध्यम करडं निवडा. करड्या जाळीत रंगही उठून दिसतात. एका वेळी अर्धा किलोच कालवा. पातेल्यात ठेवलेलं लवकर तापतं आणि दगड होतं, म्हणून ते सपाट फळीवर पसरून ठेवा. पुसण्यासाठी दुसरा माणूस मागोमाग हवा. टाइलवर राहिलेला धुरकट थर दुसऱ्या दिवशी निघत नाही.

वीज

पंपाच्या वायरीला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग. दिवे १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर लांब भिंतीवर. वायर जोड हौदात कधीही नको. वायर अखंड नळीतून वर आणून भिंतीवरच्या बंद पेटीत जोडा. पेटी पुराच्या आठवणीतल्या पातळीपेक्षा वर. मुलं थाळीत हात घालणारच, तेव्हा २४ व्होल्टचा पंप मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या. हौदात फ्लोट स्विच लावा, पाणी २५ सेंटिमीटरवर आलं की पंप थांबला पाहिजे.

पहिलं पाणी आणि पुढची कामं

गोटे ४० ते ७५ मिलिमीटरचे, एफआरपी (फायबर-प्लॅस्टिकच्या) जाळीवर. लहान गोटे मुलं हौदात टाकतात आणि ते पंपात जातात. पहिले तीन भरणे दोन-दोन दिवस चालवून ओतून द्या, सिमेंटमधला मोकळा चुना त्यांतून निघून जातो.

पाणी कुठलं? महापालिकेचं मिळालं तर उत्तम. बोअरचं वापरायचं असेल तर पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर जवळ ठेवा. मे महिन्यात रोज ३० लिटर उडालं आणि तेवढंच बोअरचं भरत गेलात, तर सोळा-सतरा दिवसांत हौदातले क्षार दुप्पट होतात. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. मीटर सुरुवातीच्या दुपटीवर गेला की हौद रिकामा करून झाडांना न घालता गटारात सोडा. काटकसर म्हणून आरओचं फेकायचं पाणी यात वळवण्याची सूचना सभेत येईल. त्यात क्षार एकवटलेले असतात, नको म्हणा. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळपास क्षारविरहित असतं. कोरड्या मे महिन्यात ते थोडं मिळतं, पावसाळी दमटपणात भरपूर.

भरण्यासाठी बॉल कॉक लावू नका. तो गळती झाकतो: हौद फुटला तरी पातळी तीच राहते, आणि पाण्याचं बिल बघून तीन महिन्यांनी समजतं. वॉचमनने बादलीने भरलं की रोज किती बादल्या लागतात ते कळतं. दोनच्या पाच झाल्या की शोध घ्या.

डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडाभर पुरतो. पंप पाच दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर हौद रिकामा करा किंवा तोंडांवर बारीक जाळी बसवा. शेवाळासाठी आठवड्यातून एकदा संध्याकाळी तीन ग्रॅम ब्लीचिंग पावडर वेगळ्या मग्यात कालवून, वरचं निवळलेलं पाणी तेवढं ओता. दिवसा टाकलं तर ऊन ते संपवतं. क्षारांची रेघ दिसू लागली की लगेच, पाण्यात एकास चार मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने मऊ ब्रशने पुसा आणि धुऊन टाका. जाड थर झाल्यावर हार्डवेअरच्या दुकानातलं आम्ल आणणारा गवंडी भेटेल. ते सिमेंटच्या प्रत्येक उघड्या जागेला खातं.

कमिटीच्या ठरावात तीन नावं लिहून घ्या: पंप कोण लावणार-थांबवणार, महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण कोण दाबणार, हौदाचं झाकण कोण उघडणार. आणि उत्तरायणाच्या आदल्या संध्याकाळी पंप बंद ठेवा. पतंगाचा मांजा थाळीत पडतो, पाण्याबरोबर हौदात जातो आणि पंपाच्या पात्याला गुंडाळतो. १६ जानेवारीला जाळी आणि गोटे उचलून तो वेचून काढला की मगच बटण दाबा.